जुन्या निन्टेन्डो स्विचवर उबुंटू: सोलापूरकर नवशिक्यांसाठी पहिल्यापासून

निन्टेन्डोने आपला मूळ स्विच, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, भारतात अधिकृतपणे विकायला आणला नाही. तरी जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो नाहीतर पूर्व भाग, काही घरांत तो असतोच. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या कंपनीतून परदेशी गेलेला भाऊ, मामा, आत्तेभाऊ येताना घेऊन आलेला असतो. दोन-तीन वर्षं पोरं त्याच्यावर तुटून पडतात. मग कंट्रोलरची काडी हात न लावता सरकायला लागते, नवा गेम घ्यायचा तर किंमत परवडत नाही, आणि यंत्र कपाटात जातं.

हा लेख त्या कपाटातल्या यंत्रासाठी आहे. आत चार जीबी रॅम आहे, चार कोअरचा प्रोसेसर आहे, ६.२ इंचाचा टचस्क्रीन आहे, वायफाय-ब्लूटूथ आहे. त्यावर उबुंटू लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवली की पाठ्यपुस्तकं वाचायला, मराठीत टाइप करायला, पायथॉन शिकायला आणि टीव्हीला जोडून इंटरनेट बघायला पुरेल असा कॉम्प्युटर घरात तयार होतो.

घाबरणाऱ्यांना आधी एवढंच सांगतो. लिनक्स यंत्राच्या आतल्या मेमरीत जात नाही, ते अख्खं मायक्रो एसडी कार्डावर बसतं. स्विच बंद करून नेहमीसारखा चालू केला की निन्टेन्डोची मूळ सिस्टिम होती तशी उघडते, गेम आणि सेव्ह जागच्या जागी. धोका आहे तो पायऱ्यांचा क्रम मोडण्यात. आधी बॅकअप, तो बाहेर काढून ठेवायचा, आणि मगच पुढचं. ही सगळी वाट मी त्या क्रमानेच सांगणार आहे.

तुमचा स्विच या कामाचा आहे का?

पैसे खर्च करण्याआधी हे बघा, कारण सगळ्या स्विचवर हे जमत नाही. मार्च २०१७ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या मॉडेलवर, आणि त्यातही साधारण २०१८ च्या मध्यापर्यंत बनलेल्या यंत्रांवरच ही पद्धत चालते. २०१९ मध्ये आलेला जास्त बॅटरीवाला सुधारित स्विच, त्याच वर्षीचा स्विच लाइट, २०२१ चा ओएलईडी, यांतल्या कशावरही ती चालत नाही. त्यांच्यासाठी आत चिप सोल्डर करावी लागते. ते नवशिक्याचं काम नाही, त्या वाटेला जाऊ नका.

यंत्र उलटं करा. खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी पांढरं स्टिकर असतं, त्यावर सिरियल नंबर असतो. तो ‘एक्सएडब्ल्यू १’ ने सुरू होत असेल तर पुढचे चार अंक वाचा. ००७४ पेक्षा कमी असतील तर यंत्र चालणारं आहे. ०१२० किंवा त्याहून जास्त असतील तर कारखान्यातच दुरुस्त होऊन आलेलं आहे, इथेच थांबा. मधल्या नंबरांत काही चालतात, काही नाही. ‘एक्सएडब्ल्यू ७’ किंवा ‘एक्सएजे’ अशा इतर मालिकांच्या सीमा वेगळ्या आहेत. ‘एक्सके’ ने सुरू होणारा नंबर म्हणजे २०१९ नंतरचा सुधारित स्विच, तो सोडून द्या.

शंका उरलीच तर पक्की परीक्षा पुढे येईल: पेलोड, म्हणजे यूएसबीवरून पाठवायचा छोटा प्रोग्राम, पाठवून बघायचा. यंत्र दुरुस्त झालेलं असेल तर पेलोड चालत नाही, एवढंच होतं. नुकसान काही नाही.

माझं स्पष्ट मत आहे की या कामासाठी मुद्दाम स्विच विकत घेऊ नये. तेवढ्या पैशात जुना लॅपटॉप मिळतो आणि अभ्यासाला तो केव्हाही बरा. घरात पडून असलेला स्विच असेल तरच ही मेहनत सार्थकी लागते.

वाट कुठून मिळते ते समजून घ्या

हे वाचल्याशिवायही पुढच्या पायऱ्या करता येतील, पण समजलं की हात थरथरत नाही.

स्विचमध्ये एनव्हिडियाची टेग्रा एक्स-वन ही चिप आहे. कोणतीही टेग्रा चिप बिघडली तर कारखान्यात तिला यूएसबीवरून जिवंत करता यावी म्हणून तिच्यात एक रिकव्हरी मोड ठेवलेला असतो, त्याला आरसीएम म्हणतात. या मोडमध्ये चिप यूएसबीवरून येणारी विनंती ऐकते. विनंतीत ‘मला इतके बाइट दे’ असा आकडा असतो, आणि तो आकडा आपल्या जागेत मावतो का, हे तपासायचं चिपच्या कोडमध्ये राहून गेलं. भलामोठा आकडा पाठवला की चिप स्वतःच्याच मेमरीवर लिहीत सुटते आणि त्या गडबडीत आपला छोटा प्रोग्राम चालवून घेता येतो. त्या छोट्या प्रोग्रामलाच पेलोड म्हणतात.

केट टेमकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही त्रुटी शोधली आणि एप्रिल २०१८ मध्ये ती ‘फ्युझे जेले’ या नावाने सगळ्यांसमोर आली. फेलओव्हरफ्लो या गटानेही स्वतंत्रपणे तीच सापडवली होती आणि स्विचवर लिनक्स चालवून दाखवलं होतं. त्रुटींच्या जागतिक यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०१८-६२४२ असा आहे. हा कोड चिपच्या बूट रॉममध्ये, म्हणजे एकदा छापला की न बदलणाऱ्या भागात आहे. त्यामुळे विकल्या गेलेल्या यंत्रांत अपडेट पाठवून ती बुजवता येत नाही. म्हणूनच तुमच्या स्विचवर निन्टेन्डोच्या सिस्टिमची कितवी आवृत्ती आहे, याने काही फरक पडत नाही.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला त्यात शिक्षा आहे. आपण इथे मोफत, खुल्या परवान्याची सिस्टिम बसवतोय, कुणाचा गेम चोरत नाही. चोरीचे गेम घालून घ्यायचे असतील तर हा लेख त्यासाठी नाही. निन्टेन्डोच्या अटींना मात्र असे बदल मंजूर नाहीत. ज्या यंत्रावरून ऑनलाइन खेळता, पैसे भरून गेम घेता, त्यावर हे करू नका. कंपनी यंत्राला ऑनलाइन सेवेतून बाहेर काढू शकते.

काय काय लागेल

मायक्रो एसडी कार्ड हा या कामाचा कणा आहे, कारण तुमचा अख्खा कॉम्प्युटर त्याच्यावर राहणार. किमान ६४ जीबी, शक्यतो १२८ जीबी. वर ‘यू-थ्री’ आणि ‘ए-वन’ किंवा ‘ए-टू’ अशी खूण बघा. ‘ए’ ची खूण महत्त्वाची आहे, कारण कॉम्प्युटर चालताना हजारो लहान फाइली सतत वाचल्या-लिहिल्या जातात आणि साधं कार्ड तिथे धापा टाकतं. नवी पेठेतून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, बिल मात्र घ्या आणि घरी आल्या आल्या कार्ड तपासा. वर १२८ लिहिलेलं आणि आत प्रत्यक्षात १६ जीबी अशी बनावट कार्डं बाजारात असतात. विंडोजवर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ-थ्री’ हे मोफत प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून बघतात. तासभर लागतो, पण पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

दुसरी वस्तू आरसीएम जिग, म्हणजे उजव्या कंट्रोलरच्या खाचेतल्या पिना जोडून स्विचला रिकव्हरी मोडमध्ये नेणारं साधन. प्लास्टिकचा बोटभर तुकडा असतो, स्वस्त मिळतो. गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानात तो असेलच असं नाही, ऑनलाइन मागवावा लागेल. त्याऐवजी पेपरक्लिप वाकवून काम होतं असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. ज्या पिनांमध्ये ती घुसवायची त्यांतल्याच एका पिनेत ५ व्होल्टचा प्रवाह असतो. क्लिप एका पिनेने चुकली तर यंत्र कायमचं जाऊ शकतं.

बाकी सामान घरात असेल: डेटा जाणारी टाइप-सी केबल (नुसती चार्जिंगची चालत नाही), एक कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, यूएसबी कीबोर्ड-माउस, आणि टीव्हीला जोडायचं असेल तर स्विचचा मूळ डॉक. कॉम्प्युटर नसेल तर ओटीजी चालणाऱ्या बहुतेक हल्लीच्या अँड्रॉइड फोनवरून पेलोड पाठवता येतो. फक्त बॅकअप ठेवायला कुणाची तरी हार्ड डिस्क लागेल.

चार्जर अमेरिकेतला असेल तर त्याला दोन चपट्या पिना असतात. मूळ निन्टेन्डो चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागत नाही, साधा पिन बदलणारा कन्व्हर्टर पुरतो. तो सैल बसत असेल तर बदला. बॅकअप चालू असताना ठिणगी उडून प्रवाह तुटणं चांगलं नाही.

हेकाटे: पहिला दरवाजा

आता काम सुरू. हेकाटे हा या सगळ्या वाटेवरचा बूटलोडर, म्हणजे यंत्र चालू होताना कोणती सिस्टिम उघडायची ते ठरवणारा प्रोग्राम. तो खुल्या परवान्याचा आहे आणि गिटहबवर सीटीकाएर या नावाने काम करणाऱ्या प्रोग्रामरच्या पानावर मिळतो. फक्त तिथूनच घ्या. ‘सगळं एकत्र’ अशी तयार पाकिटं वाटणाऱ्या साइटवरून घेतलेल्या फाइलमध्ये काय मिसळलंय ते कळत नाही.

झिप उघडली की दोन गोष्टी दिसतात: ‘बूटलोडर’ नावाचं फोल्डर आणि ‘बिन’ ने संपणारी एक फाइल. फोल्डर कार्डावर सगळ्यात बाहेर, कोणत्याही दुसऱ्या फोल्डरच्या आत नाही, असं कॉपी करा. बिन फाइल कॉम्प्युटरवरच राहू द्या, तोच आपला पेलोड.

पेलोड पाठवायला विंडोजवर ‘टेग्रा आरसीएम जीयूआय’ वापरा. पहिल्यांदा त्याच्याच सेटिंगमधून ड्रायव्हर बसवून घ्या. अँड्रॉइड फोनवर ‘रेकाडो’ हे ॲप चालतं. लिनक्सवाल्यांना क्रोममध्ये उघडणारा वेब लाँचरही पुरतो.

स्विच पूर्ण बंद करा आणि कार्ड त्यात घाला. पॉवरचं बटण एकदा दाबून स्क्रीन काळा झाला म्हणजे तो झोपलाय, बंद झालेला नाही. बटण तीनेक सेकंद दाबून धरा, मेनू येईल, त्यातून ‘टर्न ऑफ’ निवडा. आता उजवा जॉय-कॉन, म्हणजे बाजूला लागणारा कंट्रोलर, मागचं गोल बटण दाबून वर सरकवून काढा. रिकाम्या खाचेत तळाशी वाकून बघितलं तर दहा बारीक सोनेरी पिना ओळीत दिसतात. जिग वरून त्या खाचेत सोडा आणि हलक्या हाताने तळापर्यंत न्या. जोर लावायची गरज नसते, तळाला टेकल्याचं बोटाला कळतं. जिगमधली तार दहावी पिन जमिनीशी जोडते, म्हणजे चिपला वाटतं की कुणीतरी रिकव्हरीचं बटण दाबलंय.

केबलने स्विच कॉम्प्युटरला जोडा. व्हॉल्यूम वाढवायचं बटण दाबून धरा आणि ते धरलेलं असतानाच पॉवर एकदा दाबा. निन्टेन्डोचा लोगो आला तर जिग नीट बसलेला नाही, बंद करून पुन्हा करा. स्क्रीन काळाच राहिला आणि कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम ‘आरसीएम ओके’ म्हणाला की जमलं. बिन फाइल निवडून ‘इंजेक्ट’ दाबा. क्षणभरात हेकाटेचा टच मेनू उघडतो. इथपर्यंत आलात म्हणजे तुमचा स्विच चालणारा आहे हे पक्कं झालं. जिग काढून ठेवा, आता तो लागत नाही.

मेनूत ‘ऑटो आरसीएम’ नावाचा पर्याय दिसेल. त्याला हात लावू नका. तो चालू केला की स्विच नेहमीसारखा सुरू होणंच बंद होतं, आणि घरातल्या बाकीच्यांना वाटतं की यंत्र बिघडलं.

बॅकअप: इथे घाई नको

माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोलाची पायरी हीच. प्रत्येक स्विचच्या आतल्या मेमरीत त्याच्या एकट्याच्या चाव्या असतात, त्याची ओळख सांगणाऱ्या. दुसऱ्या स्विचमधून त्या आणता येत नाहीत आणि इंटरनेटवर शोधून मिळत नाहीत. उद्या काहीही बिघडलं, अगदी या कामाशी संबंध नसलेलंसुद्धा, तरी बॅकअप असेल तर यंत्र परत उभं राहतं. नसेल तर नाही.

बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या आणि चार्जर लावून ठेवा. मध्येच लाइट गेली तरी स्विच स्वतःच्या बॅटरीवर चालत राहतो, ही या यंत्राची मोठी सोय आहे.

हेकाटेत ‘टूल्स’ मध्ये ‘बॅकअप ईएमएमसी’ उघडा (ईएमएमसी म्हणजे यंत्राची आतली मेमरी). आधी ‘बूट झिरो अँड बूट वन’ घ्या. या दोन फाइली चार-चार एमबीच्या, लगेच होतात. मग ‘रॉ जीपीपी’. ही सुमारे २९ जीबीची आहे, कार्डाच्या वेगाप्रमाणे अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत लागतो. सेटिंगमध्ये डेटा व्हेरिफिकेशन ‘फुल’ वर ठेवा. वेळ वाढतो, पण लिहिलेला प्रत्येक तुकडा परत वाचून जुळवला जातो.

निन्टेन्डोने या यंत्रासाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगितलं आहे. आपल्याकडे मार्चच्या अखेरीपासून जूनपर्यंत दुपारी खोलीतच त्याहून जास्त असतं. म्हणून उन्हाळ्यात हे लांबचं काम पहाटे नाहीतर रात्री उशिरा काढा. यंत्र गादीवर किंवा चादरीवर ठेवू नका. हवा मागच्या जाळीतून आत जाते आणि वरच्या फटीतून बाहेर पडते, ती बुजली की पंखा ओरडायला लागतो. कूलर लावला तरी यंत्र त्याच्या थेट ओल्या झोतात नको.

बॅकअप झाला की ‘यूएसबी टूल्स’ मध्ये ‘एसडी कार्ड’ निवडा. स्विच आता पेन ड्राइव्हसारखा कॉम्प्युटरवर दिसेल. ‘बॅकअप’ फोल्डर अख्खं कॉपी करा. शक्य असेल तर दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर आणि दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळतोय का ते बघा. ही फाइल कुणाला देऊ नका, कुठे टाकू नका. तिच्यात तुमच्या यंत्राची ओळख आहे.

कार्डाचे भाग पाडणं

पुढची पायरी कार्ड पूर्ण पुसते. म्हणून पुन्हा विचारतो, बॅकअप कॉम्प्युटरवर पोचला ना?

‘टूल्स’ मध्ये ‘पार्टिशन एसडी कार्ड’. समोर पट्ट्या येतात, त्या बोटाने सरकवून कोणाला किती जागा ते ठरवायचं. १२८ जीबीचं कार्ड असेल तर ‘लिनक्स’ च्या पट्टीला साधारण निम्मं द्या. उरलेला भाग फॅट-थर्टी-टू राहतो. त्यात हेकाटे, लिनक्सच्या इन्स्टॉल फाइली आणि तुमची इतर कागदपत्रं राहतील. तिथे किमान पंधरा जीबी मोकळे असू द्या. ‘ईएमयूएमएमसी’ आणि ‘अँड्रॉइड’ च्या पट्ट्या शून्यावर ठेवा.

‘नेक्स्ट स्टेप’, मग ‘स्टार्ट’. कार्डावर फक्त हेकाटेचं लहान फोल्डर असेल तर हेकाटे ते आधी मेमरीत उचलून नंतर परत ठेवतो, त्यामुळे पुन्हा कॉपी करायचं कष्ट वाचतं.

उबुंटू बसवणं

स्विचसाठीचं उबुंटू ‘स्विचरूट’ या स्वयंसेवकांच्या प्रकल्पातून येतं. एनव्हिडियाने आपल्या टेग्रा बोर्डांसाठी दिलेल्या ‘लिनक्स फॉर टेग्रा’ वर ते आधारलेलं आहे, म्हणून नावात ‘एलफोरटी’ असतं. उबुंटूच्या नेहमीच्या साइटवरची आयएसओ फाइल इथे चालत नाही. ती इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी असते, आणि स्विचचा प्रोसेसर आपल्या मोबाइलसारखा एआरएम जातीचा आहे.

स्विचरूटच्या विकीवरून उबुंटूची ‘सेव्हन-झेड’ फाइल उतरवा. आवृत्त्या दोन-तीन दिसतील, २२.०४ किंवा २४.०४ यांपैकी एक घ्या, १८.०४ आता फार जुनी झाली. फाइल मोठी आहे. मोबाइलच्या रोजच्या डेटावर उतरवायला बसू नका, घरी फायबर नसेल तर मित्राकडे जा.

स्विच पुन्हा ‘यूएसबी टूल्स’ मधून कॉम्प्युटरला जोडा, सेव्हन-झेड फाइल उलगडा आणि आतली दोन्ही फोल्डर, ‘बूटलोडर’ आणि ‘स्विचरूट’, कार्डावर सगळ्यात बाहेर टाका. ‘बूटलोडर आधीच आहे, एकत्र करू का’ असं विचारेल, हो म्हणा. मग हेकाटेत परत ‘पार्टिशन एसडी कार्ड’ उघडा आणि खाली ‘फ्लॅश लिनक्स’ दाबा. पट्टी पूर्ण होईपर्यंत थांबा. इथे काही अडखळलं, बॅटरी संपली, केबल निघाली, तरी घाबरू नका. जे काही बिघडेल ते कार्डावर, यंत्रात नाही. पुन्हा फ्लॅश करा.

जॉय-कॉनसाठी एक छोटी पायरी राहिली आणि बरेच जण ती विसरतात. यंत्र बंद करून निन्टेन्डोची सिस्टिम नेहमीसारखी चालू करा, दोन्ही जॉय-कॉन बाजूला लावून त्यांची ओळख होऊ द्या. मग परत जिग, परत पेलोड, आणि हेकाटेच्या ‘निक्स सेटिंग्ज’ मध्ये ‘डम्प जॉय-कॉन बीटी’. आता ब्लूटूथच्या जोडीची माहिती कार्डावर आली, लिनक्स ती तिथून वाचेल. हे केलं नाही तर प्रत्येक वेळी सिस्टिम बदलली की जॉय-कॉन नव्याने जोडत बसावं लागतं.

पहिला प्रारंभ

हेकाटेच्या मुख्य पानावर ‘मोअर कॉन्फिग्ज’ मध्ये आता उबुंटूचं नाव दिसेल. बोट लावा. थोडा वेळ काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळतात, मग स्वागताचं पान येतं. भाषा, कीबोर्ड, ‘एशिया-कोलकाता’ वेळ, वायफाय, तुमचं नाव आणि पासवर्ड. टचवर जमतं, पण कीबोर्ड जोडलेला असेल तर जीव कमी खातं.

डेस्कटॉप आला की पहिलं काम सॉफ्टवेअर अपडेटर चालवणं. तो जे नेहमीचे अपडेट देईल ते घ्या. ‘उबुंटूची नवी आवृत्ती आली आहे, अपग्रेड करा’ असं म्हणाला तर मात्र नाही म्हणा. स्विचचे ग्राफिक्स ड्रायव्हर एनव्हिडियाच्या जुन्या ४.९ कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, बांधलेले आहेत. नेहमीच्या पद्धतीने नवीन आवृत्तीवर उडी मारली की स्क्रीन काळा होऊन बसण्याची शक्यता मोठी.

मराठी, तेलुगू, कन्नड एकाच कीबोर्डवर

सोलापूरच्या घरांसाठी मला ही सोय फार मोलाची वाटते. शाळेत मराठी, घरात तेलुगू, आजोळी अक्कलकोटकडे कन्नड, असं कितीतरी मुलांचं असतं. उबुंटूत तिन्ही भाषा शेजारी शेजारी बसतात आणि एकाही पैशाचं सॉफ्टवेअर लागत नाही.

‘आयबस-एमसेव्हन्टीन-एन’ हे पॅकेज बसवा, लॉग-आउट करून परत या. सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड’, तिथे ‘इनपुट सोर्सेस’, अधिकच्या खुणेवर जाऊन मराठी निवडा. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी, येत असेल तर ते घ्या. येत नसेल तर इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारं फोनेटिक किंवा आयट्रान्स घ्या. तसंच तेलुगू, कन्नड. मग सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. जोडाक्षरं तुटलेली दिसली तर फॉन्ट कमी आहेत असं समजा. लोहित आणि नोटो हे फॉन्ट पॅकेजमधून बसवा, चौकोन जाऊन अक्षरं येतात.

मुलांना शिकवायचं तर इन्स्क्रिप्ट शिकवा असं मी आग्रहाने सांगेन. सुरुवातीचे आठ-दहा दिवस जड जातात, पण सगळ्या भारतीय भाषांत अक्षरांची जागा एकच आहे. मराठीत ‘क’ जिथे, तिथेच तेलुगूचा आणि कन्नडचा. एक शिकलं की तिन्ही लिपींत बोटं चालतात.

काय चालेल, काय नाही

लिबर ऑफिस चांगलं चालतं. फायरफॉक्स चालतो, पण चार जीबी रॅममध्ये पाच-सहा टॅबच्या वर उघडू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ती टचवर वाचायला या स्क्रीनवर सोपी जातात. स्क्रीन आडवा १२८० बाय ७२० आहे, म्हणून पुस्तकाचं पान अर्धं-अर्धं वाचावं लागेल. थॉनी हे पायथॉन शिकायचं साधन हलकं आहे, आठवी-नववीच्या मुलाला तेच द्या. घरात हातमाग-यंत्रमागाचं काम असेल तर गिंप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये एक पिक्सेल म्हणजे एक चौकट धरून नक्षीचा आराखडा काढता येतो, तेवढं काम हे यंत्र आरामात ओढतं.

ऑनलाइन वर्गासाठी अडचण आहे: स्विचला कॅमेरा नाही आणि माइकही नाही. यूएसबीचा वेबकॅम लावा किंवा वर्ग फोनवर घ्या. फक्त इंटेल-एएमडीसाठी बनलेले प्रोग्राम थेट चालत नाहीत. टॅलीसारख्या विंडोजच्या सॉफ्टवेअरसाठी हे यंत्र नाही, त्यात वेळ घालवू नका.

डॉकमध्ये ठेवलं की एचडीएमआयने टीव्हीवर चित्र येतं, कीबोर्ड-माउस डॉकच्या यूएसबीत लागतात. डॉक आणि चार्जर मूळचेच वापरा. डॉकला टीव्हीवर चित्र द्यायला १५ व्होल्टचा चार्जर लागतो, मोबाइलचा साधा चार्जर तिथे पुरत नाही. स्वस्तातले बिनानावाचे डॉक लावून स्विच मेल्याच्या तक्रारी २०१८ पासून जगभर आहेत.

अडलं तर

रोज वापरताना यंत्र पूर्ण बंद करण्याऐवजी झोपवा, पॉवरचं बटण एकदा दाबून. पूर्ण बंद झालं किंवा बॅटरी संपली की लिनक्ससाठी पुन्हा जिग आणि पेलोड लागतो. पेलोड पाठवणारं ॲप घरातल्या एखाद्या फोनवर कायम ठेवलं की कॉम्प्युटर शोधत बसावं लागत नाही.

स्क्रीन काळा आहे आणि काहीच होत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा यंत्र आरसीएममध्ये अडकलेलं असतं. पॉवर पंधरा सेकंद दाबून धरा, सोडा, मग जिग काढून नेहमीसारखं चालू करा. आरसीएममध्ये तसंच ठेवून झोपी गेलात तर काळ्या स्क्रीनमागे बॅटरी उतरत राहते. तेव्हा आधी अर्धा तास चार्जिंगला लावा.

पेलोड पाठवताना प्रोग्रामला यंत्र दिसतच नसेल तर केबल बदला. दहापैकी बहुतेक वेळा केबल नुसती चार्जिंगची निघते. त्यानेही नाही झालं तर विंडोजवरचा ड्रायव्हर पुन्हा बसवा आणि कॉम्प्युटरच्या दुसऱ्या यूएसबीत लावून बघा.

लिनक्स सुरू होताना मध्येच थांबत असेल, फाइली खराब होत असतील, तर संशय कार्डावर घ्या. तेच कार्ड पुन्हा तपासा. मराठी टाइपिंगपासून हिशेबाच्या वहीपर्यंत जे काही त्यावर साठवाल, त्याची आठवड्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर काढायची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावा.

आणि हे सगळं नकोसं झालं, यंत्र पुन्हा गेमसाठीच हवं असलं, तर बंद करा, कार्ड काढा, चालू करा. नवं कोरं कार्ड घाला किंवा तेच निन्टेन्डोच्या सिस्टिममधून फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवरचा २९ जीबीचा बॅकअप मात्र पुसू नका, यंत्र घरात आहे तोवर.